विहिरीची चित्रं

“बोलायचं नाही,” मी दोघांना बजावलं. “मी अडकले, चुकले, विहिरीत पडून मेले, तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. खुणा करायच्या नाहीत. उसासे टाकायचे नाहीत.”

“आणि ठसका लागला तर?” तेजस्विनीनं विचारलं.

“बाहेर जाऊन खोकायचं.”

ती हसली. निरंजन हसला नाही. त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, माउसच्या वायरचा गुंता सोडवून दिला आणि माझ्या मागे, जरा बाजूला, खुर्ची ओढून बसला. तेजस्विनी पलंगाच्या कडेवर टेकली. ओढणीचं टोक तिनं बोटाला गुंडाळायला घेतलं होतं.

साताऱ्यातल्या निरंजनच्या घराची ही वरची खोली. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. निरंजन मोहितेनं आणि मी पुण्यात एका गेमिंग कंपनीत शेजारी शेजारी बसून बरीच वर्षं काम केलं होतं. अर्धवट तयार झालेले खेळ खेळून बघायचे आणि माणूस कुठं ठेचकाळेल ते सांगायचं, हे माझं काम. ‘वृंदाकडे खेळ दिला की करणारा रडतच बाहेर येतो’, असं ऑफिसात म्हणायचे. त्यात तथ्य नव्हतं. मी कुणाच्याही कामाला वाईट म्हणत नसे. माझा हात कुठं थांबला, तेवढं सांगायचे. पण जे सांगायचे त्यात साखर घालत नसे, हे खरं.

निरंजननं नोकरी सोडली ती स्वतःचा खेळ करायचा म्हणून. साताऱ्याला परत गेला, त्याच वर्षी लग्न केलं. तेजस्विनी कराडची, कोल्हापूरला चित्रकला शिकलेली. कोडी आणि प्रोग्रॅमिंग त्याचं, चित्रं तिची, असं दोघांनी मिळून दोनेक वर्षं चालवलं होतं. मग एक दिवस त्याचा फोन आला.

“बाकीचे सगळे तोंडावर छान छान म्हणतात गं. तू खरं बोलतेस. शनिवारी ये.”

मी गेले.

खेळाचं नाव होतं ‘तळ’. गावातलं पाणी आटलंय आणि एक मुलगी जुन्या विहिरीत उतरते, पाणी गेलं कुठं ते शोधायला. विहिरीला मजले, कमानी, जिने. प्रत्येक मजल्यावर एक कोडं. मोटेचा दोर ओढायचा, पाट वळवायचा, दगडी दार सरकवायचं. तेजस्विनीनं साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीत बसून बसून ती चित्रं काढली होती. कागदावर, हातानं, शाई आणि जलरंगात. मग ती स्कॅन करून खेळात घातलेली.

पहिल्या मजल्यावर मी कोडं विसरून नुसती बघत राहिले. वर उजेड उन्हाच्या रंगाचा होता. एक जिना उतरला की तो हिरवट व्हायचा. आणखी खाली गेलं की तांब्याचा हंडा आतून जसा दिसतो, तसा. दगडांना ओल होती. मुलीच्या अनवाणी पावलांना ती ओल लागतेय, हे मला माझ्या तळव्यांना कळत होतं.

दुसऱ्या मजल्यावर अडकले.

काहीतरी ओढायचं होतं एवढं समजत होतं. भिंतीवरून पिंपळाची मुळं लोंबत होती. मी एक मूळ ओढलं. दुसरं ओढलं. वर गेले, खाली आले, कमानीतल्या घुबडावर क्लिक केलं, पायरीवरच्या शेवाळावर केलं. काहीच होईना. मागे पलंग करकरला, म्हणून वळून बघितलं. तेजस्विनी पुढे सरकली होती. तिनं ओढणी इतकी घट्ट पिळली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

आणि निरंजन पडद्याकडे बघतच नव्हता. मी अडकले की तो तेजस्विनीकडे बघायचा. मला वाटलं, बायकोची काळजी वाटतेय त्याला.

शेवटी वैतागून मी सगळ्याच मुळांवरून माउस फिरवला आणि त्यातलं एक हललं. ते मूळ नव्हतंच. मोटेचा दोर होता. त्याच रेषेत, त्याच तपकिरी रंगात काढलेला.

तिसऱ्या मजल्यावर दगडी दार होतं. पाणी सोडलं की मुलगी बुडायची. पुन्हा बुडाली. पुन्हा. मग लक्षात आलं की आधी खालची झरोक्याची फळी उघडायला हवी. पण तसं सुचवणारं तिथं काहीच नव्हतं. बुडल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

मी माउस सोडला. “आता बोला.”

तेजस्विनीनं इतका मोठा श्वास सोडला की मलाच हसू आलं. ती खाली जाऊन चहा घेऊन आली. आम्ही तिघं लॅपटॉपभोवती बसलो.

“आधी चांगलं सांगते,” मी म्हणाले.

“वाईट सांग,” निरंजन म्हणाला. “त्यासाठीच तर बोलावलंय.”

“आधी चांगलंच सांगणार. ते खरं आहे म्हणून.” मी तेजस्विनीकडे वळले. “अशी विहीर मी कुठल्याच खेळात बघितली नाही. खाली उतरताना मला थंडी वाजली.”

ती कपाच्या कानात बोट अडकवून बसली होती, ते तिथंच राहिलं.

“आता अडचण. तो दोर. तुझ्या चित्रात दोर, मुळं, शेवाळ, घुबड, सगळं सारख्याच मायेनं काढलंयस. भिंतीवर लावायचं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण खेळणाऱ्याला कळायला हवं, यातलं काय हाताला लागणार आणि काय नुसतं बघायचं. ज्याला हात लावायचा त्याच्यावर जरा उजेड पाड. बाकीचं मागं ढकल.”

“मुळं फिकी करू?”

“मुळं फिकी कर. नाहीतर दोर ओला कर. ओला दोर चमकतो.”

“ओला दोर,” ती स्वतःशी म्हणाली. तिचा उजवा हात मांडीवर हलायला लागला होता. ती मनातल्या मनात काढायलाच लागली होती. “थेंब ठिबकत असेल, नाही का? म्हणजे थेंबाकडे लक्ष जाईल आणि मग दोराकडे. ताई, हे मला आधी कसं सुचलं नाही?”

“तूच काढलेलं आहे ना, म्हणून. तुला दोर कुठं आहे ते माहीत असतं.” मी निरंजनकडे वळले. “आता तुझं. ते दार. मरून शिकावं लागत असेल तर ते कोडं नाही, फसवणूक आहे. झरोक्याशी काहीतरी खूण दे. पाण्याचा ओघळ दे, काहीही दे.”

“बघतो,” तो म्हणाला. “ते चित्रांचं परत सांग ना. जरा सविस्तर.”

मी परत सांगितलं.

“म्हणजे तू अडकलीस ती चित्रांमुळे.”

“दोराशी चित्रांमुळे. दाराशी तुझ्यामुळे.”

“पण जास्त वेळ दोराशी गेला.”

“गेला.”

“पहिल्यांदा खेळणारा माणूस तिथंच कंटाळून सोडून देईल.”

“काहीजण देतील. म्हणून तर सांगतेय. थोडंसं काम आहे रे ते.”

“थोडंसं कसं? प्रश्न एका दोराचा नाहीये. सगळी विहीरच तशी आहे. हो की नाही?”

“सगळीकडे थोडंफार तसं आहे, पण...”

“ऐकलंस ना, तेजू?” तो म्हणाला. अगदी हळू, प्रेमानं म्हणाला. “हे मी नाही म्हणत. वृंदा म्हणतेय.”

मग त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला, एक दुसरी फाइल उघडली आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

तीच विहीर होती. तेच मजले, त्याच कमानी. पण दगड घासूनपुसून ठेवल्यासारखे स्वच्छ. प्रत्येक वस्तूला ठळक काळी कड. मुळं राखाडी, पार मागे गेलेली, आणि त्यांच्यापुढे पिवळाधमक दोर. जिन्यात मुलगी उभी होती. तोच परकर, तीच वेणी.

“मुलगी तुझीच आहे,” निरंजन तेजस्विनीला म्हणाला. “फक्त नाक बदललंय.”

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“हैदराबादला एकजण आहे. बंगळुरूची एक कंपनी आपला खेळ बाजारात आणायला तयार झालीय. कोडी त्यांना फार आवडली. चित्रांचं मात्र त्यांचं म्हणणं तुझ्यासारखंच होतं.”

“माझं म्हणणं हे नव्हतं.”

“शब्द वेगळे असतील. तू खेळून तर बघ.”

मी हात लावला नाही. तेजस्विनीनं चहाचा कप खाली ठेवला.

“खेळा की ताई,” ती म्हणाली. “आलाच आहात तर पुरतं बघून जा.”

तिनं ‘हे कधी झालं’ असं विचारलं नाही. ‘मला का सांगितलं नाही’ असंही नाही. त्या वेळी ते माझ्या लक्षात आलं नाही.

मी खेळले. दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि माझा हात विचार न करता सरळ दोरावर गेला.

“कसं वाटतंय?” निरंजननं विचारलं.

मी नुसता माउस फिरवत राहिले, तसं तेजस्विनीच म्हणाली, “सांगा ना. तुम्ही खरं बोलता म्हणून तर बोलावलंय.”

“खेळायला सोपं आहे.”

“सोपं म्हणजे चांगलं का वाईट?”

“खेळायला जास्त चांगलं आहे,” मी म्हणाले. तेव्हा तसं वाटलं म्हणून म्हणाले. आज कुणी विचारलं तरी तेच सांगेन. “पण थंडी वाजत नाही.”

“थंडी वाजावी म्हणून कोणी खेळ विकत घेत नाही,” निरंजन म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. सकाळपासून पहिल्यांदाच तो पाठ टेकून बसला होता.

तेजस्विनी उठली. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं माउस हातात घेतला आणि मुलीला खाली तिसऱ्या मजल्यावर नेलं. पाणी सोडलं. नव्या नाकाची मुलगी बुडाली. तिनं परत सोडलं. परत बुडाली.

“हे दार तसंच आहे रे,” ती म्हणाली. “हे नाही बदलायला सांगितलं त्यांनी?”

“ते होईल.”

“आणि माझी चित्रं?”

“आहेत की. टाकली थोडीच. कुठंतरी असतील.”

“आणि नाव?”

“आभारात घेणार आहे ना. सगळ्यात वर.”

ती मान हलवून कप गोळा करायला लागली. एक माझा, एक निरंजनचा, तिसरा तिचा, अजून भरलेला. दारात थांबून मला म्हणाली, “जेवूनच जा, ताई. पिठलं करते. भाकऱ्या टाकायला कितीसा वेळ लागतो.”

ती खाली गेल्यावर मी निरंजनला म्हटलं, “हे तू आधी सांगायला हवं होतंस. मला नाही, तिला.”

“सांगणारच होतो गं. पण मी सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, नवरा म्हणून बोलतोय. बाहेरच्या माणसानं सांगितलं की पटतं.” मग तो पुढे झुकून म्हणाला, “किती शांतपणे घेतलं बघितलंस? मी उगाच घाबरत होतो.”

आम्ही जेवलो. तिघंही. त्या दिवशी निरंजनइतकं पोटभर जेवलेला माणूस मी बघितला नाही. पिठल्याला त्यानं दोनदा छान म्हटलं. ठेचा आणखी मागून घेतला. बंगळुरूची माणसं कशी आहेत, खेळ कधी येणार, पुढचा खेळ कशावर करायचा, सगळं बोलून झालं. तेजस्विनी गरम भाकरी तव्यावरून आणून त्याच्या ताटात वाढत होती. मी पाण्याच्या घोटाबरोबर घास संपवले. पानात टाकायची माझी हिंमत झाली नाही.

स्टँडवर सोडायला तेजस्विनी निघाली. निरंजन म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, तू झोप जरा. तिच्या स्कूटरवर मी मागे बसले. स्टँडच्या बाहेर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी तिनं स्कूटर थांबवली आणि हँडलवरचे हात न काढता, पुढे बघत म्हणाली,

“मला दिवाळीपासून माहीत होतं.”

“काय?”

“ती नवी चित्रं. तो अंघोळीला गेला होता, लॅपटॉप उघडा होता. तेव्हा पहिला मजला झालेला होता.”

आता उन्हाळा लागला होता.

“मग तू बोलली का नाहीस?”

“तो कधी बोलतो ते बघत होते. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज माझ्या शेजारी बसायचा, ताई. माझं चित्र बघायचा. इथं हिरवा जरा गडद कर, म्हणायचा. इथं पायरी तुटलेली दाखव. मी करायचे. त्याला माहीत होतं ते खेळात जाणार नाही, आणि मलाही माहीत होतं. तरी तो सांगायचा आणि मी करायचे.”

रसवाल्यानं घुंगरू वाजवत चरक सुरू केला. ती थांबली. तो आवाज बंद झाल्यावर म्हणाली, “मग परवा म्हणाला, वृंदाला बोलावतो. मला वाटलं, आता सांगेल. आता दुसरं माणूस येतंय म्हटल्यावर त्याला आधी सांगावंच लागेल. काल रात्रीपर्यंत वाट बघितली. आज सकाळी तुम्ही रिक्षातून उतरलात, तेव्हा कळलं की तो सांगणार नाहीये. तुमच्या तोंडून सांगणार आहे.”

मी अडकले की तो तिच्याकडे का बघत होता, ते मला तिथं, त्या गाड्यापाशी समजलं. चित्रांचं परत सांग, जरा सविस्तर सांग, हे का चाललं होतं तेही. मी सकाळभर ज्याला अभिप्राय म्हणत होते, तो त्यानं आधीच लिहून ठेवलेला निकाल होता. वाचून दाखवायला त्याला माझा आवाज हवा होता.

“तुला माझा राग आला असेल,” मी म्हणाले.

“आलाय.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. “तुम्ही काहीतरी चुकीचं बोलायला हवं होतं, ताई. मला भांडता आलं असतं. तुम्ही एक शब्द चुकला नाहीत.”

“मी त्याच्याशी बोलते. फोन करते आजच.”

“काय सांगणार? पुढच्या वेळी स्वतःच्या तोंडानं बोल म्हणून?” ती जराशी हसली. “तुमची गाडी लागली बघा, स्वारगेटची.”

मी उतरले. तिनं स्कूटर वळवली.

मी फोन केला. निरंजन म्हणाला, तू उगाच मनाला लावून घेतेस, तेजू तर एकदम बरी आहे. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

‘तळ’ पुढच्या वर्षी बाजारात आला आणि चालला. तिसऱ्या मजल्यावरचं दार त्यानं कधीच बदललं नाही. लोकांना ते आवडलं. आपण किती वेळा बुडालो याचे व्हिडिओ टाकायची चढाओढ लागली. तेजस्विनी आणखी काही महिने त्या घरात राहिली आणि मग कराडला माहेरी गेली, ती परत आली नाही. मी एकदा फोन केला. तिनं उचलला. मी नाव सांगितल्यावर म्हणाली, “नको ताई,” आणि ठेवला. पुढे कुणाकडून तरी कळलं की ती शाळेत नोकरी करते. चित्रकला नाही, इतिहास शिकवते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुण्यात खेळ बनवणाऱ्या मुलामुलींचा मेळावा होता. सभागृह भरलेलं होतं, मुलं जिन्यात बसली होती. निरंजन प्रमुख वक्ता. केस पिकले होते, शोभत होते. विषय होता, टीका कशी स्वीकारावी. मी पाचव्या-सहाव्या रांगेत होते. तो येणार हे मला माहीत होतं. तरीही गेले होते.

तो छान बोलला. मग ‘तळ’वर आला.

“पहिली चित्रं माझ्या घरातल्या माणसानं काढलेली होती,” तो म्हणाला. “जीव ओतून काढलेली. मी प्रेमात आंधळा झालो होतो. आणि मग एक मैत्रीण आली. तिनं खेळ खेळला आणि तोंडावर सांगितलं, चित्रं बदल. घरात काय झालं असेल, तुम्ही कल्पना करा. आमच्या आर्टिस्टला ते पचलं नाही. काही गोष्टी मला कायमच्या गमवाव्या लागल्या. पण त्या दिवशी मी ऐकलं, म्हणून आज इथं उभा आहे.” तो थांबला. आवाज जरा ओला झाला होता, आणि मला वाटतं, खरोखरच झाला होता. “ती मैत्रीण आज इथं आहे. वृंदा, उभी राहा ना.”

लोक वळून बघायला लागले. मी उभी राहिले. टाळ्या सुरू झाल्या, खूप वेळ चालल्या. कोणीतरी माझ्या हातात माइक दिला.

“मी ह्याला चित्रं बदल असं कधीच म्हटलं नव्हतं,” मी म्हणाले. माइकमधून माझा आवाज मलाच परका वाटला. “मी गेले तेव्हा नवी चित्रं तयार होती. बायकोला स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ह्यानं मला बोलावलं.”

मी निरंजनकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. त्यानं दोन्ही हात पसरले आणि माइक तोंडाजवळ नेला.

“बघितलंत?” तो म्हणाला. “अजून तशीच आहे. मला कधी म्हणून सोडत नाही!”

सगळं सभागृह हसलं. जिन्यात बसलेल्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. निरंजन स्टेजवरून माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागला, तशा पुन्हा सगळ्यांनी वाजवल्या. माझ्या शेजारची मुलगी हसून हसून डोळे पुसत होती.

मी काहीतरी बोलत होते, पण माइक माझ्या हातात नव्हता. तो पुढच्या रांगेत गेला होता, आणि तिथून कोणीतरी विचारत होतं, सर, तुमचा नवा खेळ कधी येतोय?